पार्वती कोम दत्ताजी

कलकत्ता, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १८३२

उमाशंकरभिया,

वर जो मायना लिहायचा असतो तो लिहिला आहे असं समजून पुढं वाचा. मला तो अर्धाच येतो, आणि अर्धा लिहिला की तुमचे वडील म्हणणार, जावयाला नमस्कारसुद्धा पुरता करता येत नाही. तर त्यांना पुरता नमस्कार सांगा.

तुमचं पत्र पोचलं. बापूसाहेबांनी पंचांच्या वतीनं निरोप दिला आहे, की वैशाखातल्या आखातीजच्या आत मी धारला येऊन तुमच्या बहिणीला घेऊन जावं, नाहीतर सोडचिठ्ठी लिहून पाठवावी. चार वर्षं लेक माहेरी बसली आहे, ना इकडची ना तिकडची. बागलीचा कुणी बिजवर पाट लावायला तयार आहे, किराण्याचं दुकान आहे, पहिलीची एक लेक आहे, तो आखातीजपलीकडे थांबणार नाही, हेही तुम्ही लिहिलंत. लिहिलंत ते बरं केलंत. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. चार वर्षं हा हिशेब मात्र बापूसाहेबांचा. मधे मी इंदूरच्या गिरणीतून एकदा येऊन गेलो होतो, ते त्यांनी धरलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पंचांनी जरा दम धरावा. इथं काम आता बरं लागलं आहे. गिरणी नाही, रेल्वे नाही, नागपूरसारखं उन्हात उभं राहणंही नाही. विद्वान लोकांची एक सभा आहे, तिचं वाचनालय आहे. तिथली पुस्तकं घोषालबाबू म्हणून एक म्हातारे सांभाळतात, त्यांच्या हाताखाली मी. विलायतेहून दर तिमाहीला एक निळ्या पुठ्ठ्याचं जाडं पुस्तक येतं. पदार्थविज्ञानाचं म्हणतात, पण त्यात कुणी काही उकळत नाही, जाळत नाही, तोलत नाही. नुसती गणितं. जग कसं चालतं ते खुर्चीवर बसून सांगायचं. सभेतले मोठे लोक म्हणतात हे कुणी वाचत नाही, बंद करा, त्याच्या जागी शेतकीचं काही मागवा. घोषालबाबू म्हणतात, वाचतात.

आता वाचतात हे दाखवायचं कसं? तर या पुस्तकांत पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की ही गोष्ट आधी अमक्यानं अमक्या ठिकाणी सांगितली आहे. बाबूंनी ठरवलं, कपाटातली सगळी पुस्तकं काढायची आणि तळाची नावं मोजायची. ज्याचं नाव लोक घेतात तो वाचला जातो. ज्याचं कुणी घेत नाही तो गेला. निळ्याचं नाव किती जण घेतात ते काढून सभेपुढं ठेवायचं.

मला इंग्रजी येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मोडी आणि थोडं बाळबोध, तेही फरासखान्याच्या कारकुनानं तंबूंच्या याद्या लिहायला शिकवलं म्हणून. पण बाबूंनी मला त्याचसाठी घेतलं. माझ्याआधी एक शिकलेला होता, तो मोजता मोजता वाचायला लागायचा. बाबू म्हणाले, "दत्ताजी, तुम अच्छा है. तुम पढ़ेगा नहीं."

मी नावं आकारावरून ओळखतो. एकाचं पहिलं अक्षर कोयत्यासारखं, तो कोयतेवाला. एक जर्मन आहे, त्याच्या नावात एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं, तो टिंबवाला. नाव दिसलं की रेघ ओढायची. अफूच्या काट्यावर तुमचे वडील पेटीमागे ओढतात तशीच. हे त्यांना सांगा, म्हणजे वाटेल जावई घरच्याच धंद्यात आहे.

तुमच्या बहिणीला सांगा, खोली पाहिली आहे. खिडकी आहे. खिडकीतून ट्राम दिसते.

आणि एक विचारायचं होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू येईल. नाव घे, नाव घे म्हणून बायका मागं लागतात, भवानीबाई तर कुणाला सोडत नाहीत. त्या वेळी ती माझं नाव घेते का, एवढं दाराआडून ऐका आणि कळवा. पंचांना काय सांगायचं ते त्यावर बघू. तिला सरळ विचारू नका. सरळ विचारलं की ती खरं बोलत नाही.

तुमचा
दत्ताजी

(हा शेवटचा भाग तिला वाचून दाखवला असेल तर वाचणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.)

कलकत्ता, पौष वद्य एकादशी

उमाशंकरभिया,

तुम्ही ऐकलंत आणि लिहिलंत, उपकार झाले. भवानीबाईंनी तिला उखाणा घ्यायला उभं केलं, ती म्हणाली घसा बसला आहे. भवानीबाई म्हणाल्या, "अगं, घसा बसलाय की घरधनी पळालाय?" आणि ती म्हणाली, "दोन्ही. पण घसा परत येईल."

हे वाचून मी इतका हसलो की बाबू आतून बघायला आले. त्यांना हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनाही हसू आलं, पण लगेच चष्मा पुसायला लागले.

म्हणजे उखाण्यात नाव नाही घेतलं. असो. पण पुढं तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. घरात ती नाव घेते म्हणता. गल्लीतलं पोर भटकायला लागलं की म्हणते, "दत्ताजी होऊ नको, घरी जा." तुमच्या आईला म्हणाली, "दत्ताजीची ट्रंक माळ्यावर टाका, उंदीर होतात." तुमच्याशी भांडताना म्हणाली, "दत्ताजी आणि तू, एका माळेचे मणी."

भिया, हे चांगलं की वाईट, असं तुम्ही विचारलंत. मी सांगतो, चांगलं. मला हे इथंच कळलं आहे. त्या कोयतेवाल्याच्या नावामागे रेघा ओढून माझं बोट दुखायला लागलं. जिथं उघडावं तिथं तळाशी तोच. मी बाबूंना म्हटलं, हा फार मोठा माणूस दिसतो. बाबू म्हणाले, "बड़ा? उसको तो सब गाली देता है." त्यानं काही गणित मांडलं होतं म्हणे, ते चुकलं, आणि गेली काही वर्षं जो तो ते कसं चुकलं हेच लिहितो आहे. मी म्हटलं, मग रेघ ओढू की नको? बाबू म्हणाले, "खींचो, खींचो. गाली देनेवाला भी पता ठीक लिखता है."

आपल्यात नाव घेणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. इथं दोन्हीला एकच रेघ. मला हा कायदा आवडला. ती मला नावं ठेवते, म्हणजे मी तिच्या कपाटात आहे. बागलीवाल्याची एकही रेघ नसेल. आहे का? कळवा.

ती विचारते की खोलीत चूल कुठं मांडायची. खिडकीचं मी लिहिलंच आहे. खिडकी मोठी आहे.

बाकी इथं थंडी तुमच्यासारखी नाही, ओली आहे. वरांड्यात पहाटे अंथरूण हाताला ओलं लागतं, पुस्तकांच्या रिकाम्या पेट्यांवर निजलं तर जरा बरं.

बाबूंनी आता आणखी एक काम दिलं आहे. कोणत्या साली लोक कशावर लिहीत होते ते काढायचं. पुठ्ठ्यावर पाचसहा शब्द लिहून दिले आहेत, तसा आकार मथळ्यात दिसला की रेघ. त्यात एक शब्द आहे ईथर. जुन्या पुस्तकांत जिकडे तिकडे ईथर, नव्यांत शोधावा लागतो. मी विचारलं, हे असतं काय? बाबू म्हणाले, ते दिसत नाही, त्याला वजन नाही, पण सगळीकडे भरलेलं असलंच पाहिजे असं सगळे धरून चालले होते. आता काहींची गणितं त्याच्यावाचून सुटायला लागली आहेत. मी म्हटलं, मग ते गेलं कुठं? म्हणाले, "जाएगा कहाँ. शायद था ही नहीं." हे मला फारसं पटलं नाही. इतकी वर्षं इतक्या शहाण्या माणसांनी धरलेली गोष्ट.

पण असं होतं, हे खरं. आपल्या माळव्यात बघा. चीनला माल जाणं कमी झाल्यापासून अफू घटते आहे, तुमच्या वडिलांच्या काट्यावर दुपारी माशा बसतात असं तुम्हीच लिहिलंत. कुणी दवंडी पिटली नाही. एका साली शेजाऱ्यानं गहू पेरला, पुढच्या साली आपण. मग एक दिवस सगळा माळ हिरवा दिसतो आणि त्यात अफूचं पांढरं फूल एकही नसतं. विद्येतही तेच. ईथरच्या जागी हे लोक आता काय पेरतात ते मला वाचता येत नाही, पण शब्द लांब आहे.

डोळे फार दुखतात. बारीक अक्षर. पत्र इथंच पुरे करतो.

दत्ताजी

कलकत्ता, फाल्गुन शुद्ध चतुर्थी

उमाशंकरभिया,

तुम्ही रागावून लिहिलंत, की मी काही तुझ्या बाबूचा कारकून नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघत रेघा ओढायला. बरोबर आहे. जकात नाक्यावर दिवसभर गाड्या मोजून घरी आल्यावर पुन्हा तेच काम कोण करील. पण रागातसुद्धा तुम्ही लिहिलंत की "नाव तर ती रोजच घेते, त्यात मोजायचं काय". मला तेवढं पुरलं.

इकडची बातमी अशी, की आपण जिंकलो. बाबूंनी सभेपुढं तक्ता मांडला. निळ्याचं नाव इतर सगळ्यांच्या वर निघालं. सभेचे जे मुख्य साहेब, त्यांनी आकडा पाहिला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, इतके लोक नाव घेतात ते पुस्तक बंद करणं शोभणार नाही. पुढच्या सालची वर्गणी मंजूर. आता खरी गंमत ऐका. निळ्याचं नाव वर का, तर तो कोयतेवाला ते चुकलेलं गणित निळ्यातच छापून बसला होता. सगळ्या शिव्या निळ्याच्या पत्त्यावर. हे बाबूंना ठाऊक होतं, त्यांनी लपवलंही नाही, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. जिन्यावरून उतरताना मला म्हणाले, "आदमी संख्या देखता है तो आँख बंद कर लेता है." जिंकलेला माणूस बोलतो तसं बोलले नाहीत. जरा थकल्यासारखेच.

मी मात्र रात्रभर विचार केला. सभा ऐकते, तर पंच का ऐकणार नाहीत?

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. होळीच्या आधी पंच कालिकामातेच्या देवळाशी बसणार आहेत, त्या वेळी उभे राहा आणि स्पष्ट सांगा, की पार्वती माझं नाव रोज घेते. चुलीपाशी घेते, अंगणात घेते, भांडताना घेते. भवानीबाई साक्षीला आहेत. जिच्या तोंडात रोज नवऱ्याचं नाव, तिला नवरा नाही असं पंच कसं म्हणतील? एवढं बोला आणि आखातीजऐवजी दिवाळीपर्यंत मुदत मागून घ्या. दिवाळीला मी येतो. रजा मिळते का ते बघतो.

ईथरची मोजणी संपली. बाबू म्हणतात, आलेख पाहिला तर टेकडी उतरल्यासारखं दिसतं. देवासच्या टेकडीवरून आम्ही लहानपणी बुड घासत उतरायचो, एका अंगाला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या अंगाला धाकटीचं, कुठं पडलो यावरून कुणाच्या शिपायाचा मार खायचा ते ठरायचं. ही टेकडी तशी नाही. हिच्या दोन्ही अंगांना कुणीच नाही.

बोलाल ना? नीट बोला. घाबरू नका. तुम्ही घाबरलात की माळवीत बोलायला लागता.

दत्ताजी

कलकत्ता, फाल्गुन वद्य नवमी

उमाशंकरभिया,

पत्र पोचलं.

तुम्ही बोललात. मी सांगितलं तसंच बोललात, शब्दाला शब्द. तुमचा दोष नाही. माझ्या डोक्यात जे शिरलं नाही ते तुमच्याही शिरलं नाही, आपण खरंच एका माळेचे.

तुम्ही म्हणालात, "पार्वती रोज नाव घेते." बापूसाहेब म्हणाले, "नाव घेते म्हणजे कसं? उखाण्यात?" तुम्ही म्हणालात, "नाही, असंच. दत्ताजी म्हणते." आणि बायकांच्या बाजूनं भवानीबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, भावानंच सांगितलं." तुम्हाला वाटलं आपण बाजी मारली. बापूसाहेबांनी पागोटं सरळ केलं आणि तुम्हाला म्हणाले, "बस खाली, बाबा. जी बाई नवऱ्याला नवरा धरते तिच्या तोंडून त्याचं नाव कुणी ऐकलंय? माझ्या घरात चाळीस वर्षं कुणी मला हाक मारलेली नाही. तूच निकाल सांगितलास. आता कागद मागव, आणि मोडलेली काडी मागव, रीत आहे ती."

हे मी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि ठेवून दिलं.

भिया, मला कसं कळलं नाही? माझी आई. बाबा आजारी पडले तेव्हा त्यांची चाकरीची रक्कम आणायला ती फरासखान्यात गेली होती. कारकुनानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आता बाबांचं नाव नागोजी. ती कशी सांगणार? म्हणाली, "श्रावणात पंचमीला ज्याला दूध ठेवतात ते." कारकून नवा होता, म्हणाला, "बाई, साप?" ती म्हणाली, "तसंच, पण जरा मानानं." त्यानं लिहिलं सर्पोजी. मरेपर्यंत बाबांचा पगार सर्पोजीच्या नावानं निघत होता, पण तिनं काही नाव घेतलं नाही. अशा बाईचा मी मुलगा, आणि कलकत्त्याला बसून रेघा ओढत होतो, की आज माझं नाव घेतलं, उद्या घेतलं.

हे बाबूंना सांगावं की नाही ते कळेना. मग दुपारी तो टिंबवाला निघाला. जुन्या पुस्तकांत तो पानोपानी होता, आणि अलीकडच्या सालांत मला त्याची एकही रेघ मिळेना. मला वाटलं मेला, किंवा ईथरसारखा नव्हताच. बाबूंना दाखवलं. ते म्हणाले, नाही रे, त्याचा नियम आता सगळ्यांच्या हाडात बसला आहे. जो उठतो तो त्याच्यावरच घर बांधतो. नाव कशाला घेतील? आणि विचारलं, "तुम्हारा माँ तुम्हारे बाप का नाम लेती थी?"

मी सर्पोजीची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले. मीही हसलो. मग ते म्हणाले, "यही हमारी गिनती का दोष है, दत्ताजी. जो सबसे ज़्यादा है, वो गिना नहीं जाता." आणि आत गेले. त्यांना पंचांचं काही ठाऊक नाही. मी जिन्यावर बसून राहिलो. खाली फाटकाशी एक हमाल दुसऱ्याला शिव्या देत होता, अगदी नाव घेऊन, बापाच्या नावासकट.

तुमच्या पत्राच्या शेवटी जे होतं ते आता लिहितो, कारण ते न लिहिता पत्र बंद करता येत नाही. पंचांनी नोंदीसाठी तिला विचारलं, बागलीच्या माणसाचं नाव काय? तिनं सांगितलं नाही. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "बागलीकडचे." आणि मान खाली घातली. शेवटी नाव तुम्हाला सांगावं लागलं.

अजून पाट लागलेला नाही, कुंकू लागलेलं नाही, आणि बागलीकडचे.

मान खाली घातली ती तुम्ही नीट पाहिलीत का? का दुसऱ्या कशानं घातली? ऊन असेल. तिला ऊन सोसत नाही. त्या माणसाला तिनं पाहिलं कधी? कुठं? त्याच्या लेकीला घेऊन आला होता का? नका लिहू. मला काय करायचं आहे. लिहा.

चुलीचं तिनं विचारलं होतं. सांगा, चूल नाही. खोलीही अजून घेतलेली नाही, ट्राम वरांड्यातून दिसते. हे तिला आधीच ठाऊक होतं बहुतेक. नाहीतर खिडकीला गज आहेत का, पडदा आहे का, असं काहीतरी विचारलं असतं. चूल विचारली नसती.

कागद पाठवतो असं पंचांना आत्ता सांगू नका. पाठवणार नाही असंही सांगू नका.

दत्ताजी

कलकत्ता, चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८३३

उमाशंकरभिया,

तुमचं उत्तर आलं. बागलीकडच्यांची लेक चार वर्षांची आहे, तिला तुमच्याकडे आणलं होतं, आणि ती पार्वतीच्या पदराला धरून दिवसभर हिंडली. पार्वतीनं तिची वेणी घातली, उवा काढल्या, आणि रात्री ती पोर परत जायला तयार नव्हती. एवढंच लिहिलंत, बाकी काही लिहिलं नाहीत. तुम्ही चांगले आहात. नाक्यावर तुम्हाला लोक फसवत असतील.

दिवाळीला येतो असं मी म्हटलं होतं. रजा मागितली नाही. मागितली असती तर बाबूंनी दिली असती, म्हणून मागितली नाही. मी आलो असतो, चार दिवस राहिलो असतो, वडिलांशी अफूच्या भावावर बोललो असतो, आणि पाचव्या दिवशी माझ्या पायाला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ती मला ओळखते. तुम्ही सगळे रागावता, ती रागावत नाही, तिनं मला उंदरांच्या ट्रंकेबरोबर माळ्यावर टाकलं, ते बरोबर केलं.

बाबूंना शेवटी सांगितलं. त्यांनी समोरचं पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाले, सभेनं आणखी एका पुस्तकाची मोजणी सांगितली आहे, रसायनाचं, करशील का? मी हो म्हटलं. रसायनाच्या पुस्तकाला पिवळा पुठ्ठा आहे.

कागद सोबत आहे. पंचांच्या भाषेत लिहायला मला जमलं नाही, इथल्या एका नागपुरी शिपायानं सांगितलं तसं लिहिलं. तो मजकूर असा:

"मी दत्ताजी बिन नागोजी, वस्ती देवास थोरली पाती, हल्ली कलकत्ता. पार्वती कोम दत्ताजी, वस्ती धार, हिच्यावर माझा आजपासून नवरेपणाचा हक्क राहिला नाही. तिनं पाट लावावा. माझी, माझ्या भावकीची हरकत नाही. हे अक्कलहुशारीनं लिहून दिलं."

शिपाई म्हणाला, कोम लिहू नको, सोडून देतोस तर आता तुझी बायको कशी? मी म्हटलं, कुणाची सोडली ते तरी कागदात कळायला हवं. तो म्हणाला तेही खरं. तर ते लिहिलं आहे. पंचांना नको असेल तर खोडा, माझी ना नाही. कागदावर शाई पसरली आहे ती हवेनं. इथं या दिवसांत सगळं दमट असतं, पुठ्ठेसुद्धा फुगतात.

हा कागद तिला वाचून दाखवण्याची गरज नाही. दाखवलाच तर मधला भाग भरभर वाचा.

भवानीबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना सांगा, पुढच्या संक्रांतीला तिला सोडू नका, बागलीला जाऊन उखाणा घ्यायला लावा. चांगला घेईल. तिला यमक सुचतं.

ट्रंक नाक्यावरच्या कुणाला देऊन टाका. आत एक कांबळं आहे, ते पोरीला होईल.

काडीचं राहिलं. रीत आहे म्हणून झाडूची एक काढली. पण इथल्या हवेत काडी मोडत नाही, नुसती वाकते. दोनतीन वाया गेल्या. शेवटी फाटकाबाहेर एक जण चणे भाजतो, त्याच्या भट्टीशी एक वाळत ठेवली आणि तिथंच उभा राहिलो. त्यानं विचारलं, काय करतोस? म्हटलं, काम आहे. वाळल्यावर मोडली. आवाज काही झाला नाही. पंचांना एक तुकडा लागतो की दोन, ते तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून दोन्ही पाठवले आहेत.

दत्ताजी नागोजी